दहा लाखांत शंभर

आमच्या नेफ्त्यात खजूर सगळ्यांनाच कळतो. कुठल्या झाडाचा, कुठल्या पाटाच्या पाण्यावरचा, वर चढून तो तोडणारा गडी आळशी होता की कामसू, हे इथलं शेंबडं पोरही एक खजूर तोंडात टाकून सांगतं. पण खजुराचा खोका? खोका फक्त मला कळतो! सगळ्या ट्युनिशियात मी एकटाच, असं मी म्हणणार नाही. विनय म्हणून काही चीज असते. पण तोझरपासून अल्जीरियाच्या हद्दीपर्यंत दुसरा कोणी असेल तर त्यानं पुढे यावं, असं मी चहाच्या टपरीवर, तीन-चार लग्नांत आणि एकदा तर कब्रस्तानातून परतताना जाहीर केलेलं आहे.

तसं करायचा मला अधिकारच होता. मी राजधानीला जाऊन वेष्टनाच्या कायद्याचा वर्ग करून आलो होतो! युरोपात माल पाठवायचा तर त्याच्या वेष्टनात, म्हणजे पुठ्ठा, शाई, डिंक, दोरी या सगळ्यांत, शिसं, कॅडमियम, पारा आणि क्रोमियमचा एक खत्रूड प्रकार असे चार जड धातू मिळून दहा लाख भागांत शंभर भागांपेक्षा जास्त असता कामा नयेत. चारही मिळून बरं का! प्रत्येकी शंभर नव्हे! हे ‘मिळून’ म्हणताना मी उजव्या हाताचं बोट वर करायचो आणि समोरच्याचा चहा निवेपर्यंत ते खाली आणायचो नाही.

“दहा लाखांत शंभर म्हणजे किती, कल्पना आहे?” मी विचारायचो. “दहा हजार खजुरांच्या ढिगात एक खजूर! एवढंसं शिसं, आणि सगळा माल परत!”

“तिजानी,” माझी बायको जलीला एकदा लग्नातून घरी येताना म्हणाली, “आज लग्न मुलीचं होतं की खोक्याचं?”

पण यामागे पोटतिडीक होती, ती तुम्हाला सांगायला हवी. आमची बाग माझ्या वडिलांची, सालेमची. वडील मी लहान असताना कामासाठी समुद्रापलीकडे मार्सेयला गेले आणि तिथंच वारले, तिथल्याच मातीत गेले. तेव्हापासून दर हंगामात गावचे व्यापारी हाज अम्मार येतात, आमचा खजूर टोपल्यांतून सुटा उचलतात आणि स्वतःच्या खोक्यांत, स्वतःच्या नावानं विकतात. माणूस वाईट नाही. पण बाग सालेमची आणि खोक्यावर नाव अम्मारचं, हे मला लहानपणापासून टोचत आलं होतं. यंदा मार्सेयच्या एका दुकानदारानं सरळ आमच्याकडे माल मागितला. खोक्यावर काय छापायचं ते मी पाळण्यातच ठरवलं असावं. एक खजुराचं झाड, आणि खाली ‘सालेमची बाग’!

अट एकच होती. भरलेला नमुन्याचा खोका राजधानीच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि तो शंभराच्या आत आहे असा निकाल कंटेनर निघायच्या आधी हातात हवा. निकाल नसेल तर आहेतच हाज अम्मार आणि त्यांच्या टोपल्या.

“चिंता नको,” मी घरात सांगितलं. “मी बसलोय ना इथं!”

मला लहानाचं मोठं केलं ते अम्ती मबरूकानं. अम्ती म्हणजे आत्या, वडिलांची थोरली बहीण. ऐंशीच्या घरातली, पण खजुराचे घोस खोक्यात रचावेत ते तिनंच. कमरेला चाव्यांचा जुडगा, त्यालाच बांधलेली सुरम्याची लाकडी डबी, आणि जिभेला सुट्टी नाही. खोका कसा असावा यावर तिचं स्वतःचं मत होतं.

“पिवळा हवा! सोन्यासारखा! आणि कडेनं लालभडक पट्टा!”

“अम्ती, पिवळ्या रंगात शिसं असू शकतं. लालमध्ये कॅडमियम.”

“आणि हिरव्यात?”

“हिरवा मी स्फॅक्सच्या झुहेर छापखानेवाल्याकडून खास पाण्यातल्या शाईत काढून घेतोय. साधा पुठ्ठा, त्यावर एक हिरवं झाड. बस्स!”

खोका आला तेव्हा तिनं तो हातात घेऊन सगळीकडून फिरवला. झाडाखालच्या नावावर अंगठा फिरवला, मग म्हणाली, “नाव बरं आलंय. पण किती उघडाबोडका रे! आधीच तू टपरीवर बसून गावभर ढोल पिटलायस. दृष्ट लागेल याला.”

“खोक्याला दृष्ट लागत नाही, अम्ती. खोक्याला फक्त कायदा लागतो!” हे वाक्य मला इतकं आवडलं की संध्याकाळी मी ते टपरीवरही वापरलं.

पहिला नमुना अम्तीनंच भरला, बांधला. मी तोझरला जाऊन तो राजधानीच्या गाडीत घातला. निघताना तिनं नेहमीसारखी माझी तांबडी टोपी खुंटीवरून काढून झटकली आणि माझ्या डोक्यावर बसवली. चार दिवसांनी प्रयोगशाळेचा फोन आला, अगदी अदबीनं, नावाआधी ‘सी’ म्हणजे ‘श्रीयुत’ लावून.

“सी तिजानी? तुमचा खोका नापास आहे. शिसं मर्यादेच्या चौपट.”

“शक्यच नाही!”

“आम्ही अख्खा खोका दळून तपासतो, साहेब. चौपट.”

“बाकीचे तीन धातू?”

“ते नाहीतच. नुसतं शिसं.”

माझं डोकं सणकलं. शिसं म्हणजे शाई! मी तडक स्फॅक्सला झुहेरला फोन लावला. झुहेर माणूस कामाचा, पण शाईबद्दल कुणी काही बोललं तर आई-बहिणीवरून बोलल्यासारखा पेटतो.

“झुहेर, मला शिशाची शाई विकलीस!”

“कोण म्हणतो? माझी शाई? अहो सी तिजानी, ती पाण्यातली शाई आहे! तान्ह्या पोराला पाजा!”

“मग शिसं काय आभाळातून पडलं?”

“तुमच्या डोक्यातून पडलं असेल! दोन दिवस वर्ग केला म्हणून मला शाई शिकवता? माझ्या आजोबांपासून छापतोय आम्ही!”

फोन आपटला. त्यानं की मी, यावर अजून मतभेद आहेत. मी दुसरा नमुना कोऱ्या पुठ्ठ्याचा पाठवायचा ठरवला. शाईचा टिपूस नाही! यात शिसं निघालं नाही की झुहेरची चोरी उघडी पडली! अम्तीला नापासाची बातमी कळली. ती मान हलवून म्हणाली, “बघ. म्हटलं नव्हतं?” आणि दुसरा खोका भरायला बसली.

दुसऱ्या खोक्यात शिसं मर्यादेच्या बारापट निघालं!

शाई काढली आणि शिसं तिपटीनं वाढलं. आता मात्र माझ्या विद्येची कसोटी होती. पुठ्ठ्यात असणार! पुठ्ठा बदलला. मग वाटलं, डिंकात असेल. डिंक वगळून खोका नुसता घड्या घालून केला. दोरी? दोरी फेकली आणि खजुराच्याच पातीचा बंध बांधला. तिसरा नमुना म्हणजे जवळजवळ साधूच झाला होता, अंगावर काही उरलं नव्हतं. तो मी स्वतः मांडीवर घेऊन राजधानीला गेलो, रस्त्यात कुणाला हात लावू दिला नाही. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “बाळ आहे का आत?”

त्या खोक्याचा निकाल सांगायला प्रयोगशाळेतल्या मादाम इब्तिहाल यांनी स्वतः फोन केला. आवाज फार सौम्य होता, म्हणून मी आणखी घाबरलो.

“सी तिजानी, राग मानू नका. तुम्ही आम्हाला खोकी पाठवताय की गाडीच्या बॅटऱ्या?”

“का हो?”

“वीसपट. तुमच्या खोक्यानंतर आमचं दळण्याचं यंत्र दिवसभर धुवावं लागलं.”

गावात ही बातमी माझ्या आधी पोहोचली. मी टपरीवर गेलो. तोच कोपऱ्यातून कुणीतरी बोट वर केलं आणि म्हणालं, “चारही मिळून बरं का!” सगळी टपरी हसली. माझा चहा त्या दिवशी पहिल्यांदा गरम असताना संपला.

संध्याकाळी हाज अम्मार घरी आले. सांत्वनाला आल्यासारखे चटईच्या कडेवर बसले. “तिजानी बेटा, होतं असं. टोपल्या मी धुऊन ठेवल्यात. तुला काही बोलायची गरज नाही. फक्त निरोप धाड.”

ते गेल्यावर मी अंगणात बसून राहिलो. कोठीत ‘सालेमची बाग’ छापलेली, गड्यांनी भरून ठेवलेली खोकी छतापर्यंत रचलेली होती. खरं सांगतो, मला रडू आलं. वडिलांचा चेहरा मला नीट आठवत नाही. त्यांचं नाव तेवढं मला धड कुठंतरी पोहोचवायचं होतं, आणि तेही मला जमत नव्हतं. अम्ती दारातून माझ्याकडे बघत होती. तिच्या हातांचं डबीशी काहीतरी चाललं होतं, पण माझं कुठं लक्ष!

शेवटी मी मादाम इब्तिहाल यांना गळ घातली. शिसं येतं कुठून ते तुम्हीच येऊन शोधा. त्यांनाही त्या खोक्यांनी झोप लागू दिली नव्हती म्हणा, किंवा त्यांना माझी दया आली म्हणा, त्या यायला तयार झाल्या. “माझ्याकडे हातात धरायचं यंत्र आहे,” त्या म्हणाल्या. “वस्तूवर टेकवलं की आत कुठला धातू किती, ते लगेच दाखवतं. खोकी साफ असतील तर तिथल्या तिथं सही करून देईन.” त्या येणार त्याच दिवशी संध्याकाळी तोझरहून निघालेली कंटेनरची गाडी आमच्या दारावरून जाणार होती. सही असेल तर माल चढेल, नाहीतर गाडी पुढे.

त्या दिवशी आमच्या अंगणात जत्रा जमली. सकाळीच झुहेर स्फॅक्सहून वाटेल तिथं उतारू कोंबणाऱ्या गाडीनं येऊन थडकला. हातात शाईची बाटली.

“कुठंय तुमचं ते यंत्र? नसेल आलं तर माझं यंत्र बघा!” असं म्हणून त्यानं माझ्या डोळ्यांदेखत बाटलीला तोंड लावलं!

“अरे ए! वेड लागलं का?”

“पाण्यातली शाई आहे म्हणून सांगितलं होतं ना? घ्या! प्यायलो!” तो हसला. दात, जीभ, ओठ सगळं पालकासारखं हिरवं. जलीलानं त्याला आधी तांब्याभर पाणी दिलं, मग कुसकुसचं ताट दिलं. तो रागारागानं हिरव्या तोंडानं जेवत बसला आणि त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

हाज अम्मार टोपल्या घेऊन आले आणि “सहजच आलो” म्हणत भिंतीशी बसले. दुपारनंतर मादाम इब्तिहाल आल्या. पिशवीतून त्यांनी यंत्र काढलं. ते थेट पिस्तुलासारखं होतं! अम्तीनं ते पाहिलं आणि ती खोक्यांच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली.

“पोरी, आधी मला मार!”

“अम्ती, ते मारत नाही, मोजतं!”

मोठ्या मिनतवारीनं तिला बाजूला केलं. मी टोपी काढून मेजावर ठेवली, कोठीतून एक खोका आणला आणि टोपीशेजारी मांडला. मादामनी यंत्र टेकवलं, पडद्याकडे बघून कपाळाला आठी घातली, मग खोका उचलून दूर पायरीवर नेला आणि पुन्हा टेकवलं.

“शिसं नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“काहीच नाही. साफ आहे.”

दुसरा खोका आणला. साफ! छतापासचा काढला, तळातला काढला. साफ! झाडाच्या चित्रावर टेकवलं, नावावर टेकवलं, डिंकावर, दोरीवर. सगळं साफ! झुहेर हिरवे दात काढून अंगणभर नाचला. “म्हणा! म्हणा सगळ्यांसमोर, झुहेरची शाई साफ!”

“साफ!” मी म्हणालो आणि त्याला मिठीच मारली. त्यानं माझ्या गालाचा मुका घेतला, तो गाल दोन दिवस हिरवा राहिला. हाज अम्मार उठून टोपल्या गोळा करू लागले. मला वाटलं, जिंकलो!

“आता मोहोर लावायला नमुन्याचा एक खोका द्या,” मादाम म्हणाल्या. “जसा बाहेर जाणार तसाच.”

“हा मी भरून ठेवलाय,” अम्ती आतून खोका घेऊन आली. मादामनी यंत्र टेकवलं. वरून साफ. बाजूंनी साफ. मग त्यांनी तो उचलून खालून टेकवलं, आणि आकडा असा उडाला की त्या स्वतःच एक पाऊल मागे सरल्या.

मादामनी तळाची घडी उलटली. आतल्या बाजूला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा कोपऱ्यात, एकाशेजारी एक, काळेकुट्ट बोटांचे ठसे होते. अख्ख्या पंजाचे!

मी अम्तीकडे पाहिलं. अम्ती डोक्यावरची ओढणी पुढे ओढून आभाळाकडे बघत होती.

“अम्ती, हे काय आहे?”

“काय असणार? तीट.”

“तीट?”

“दृष्ट लागू नये म्हणून! तुला तान्हेपणी लावत नव्हते? सुरम्याची.”

“म्हणजे इतके दिवस खोक्याला शिसं तू लावत होतीस?”

“शिसं कशाला लावेन? तुझ्या जिभेला शिसं! हा मक्केहून आणलेला दगड आहे. मी स्वतः खलून, चाळून सुरमा करते!” तिनं ताडकन डबी सोडून मादामपुढे धरली. मादामनी यंत्र डबीवर टेकवलं. आकडा पडद्यावर मावेना.

“लल्ला मबरूका,” मादाम हळूच, अदबीनं म्हणाल्या, “तो दगडच शिशाचा असतो. जुन्या सुरम्यात तेच असतं.”

हळूहळू सगळा उलगडा झाला. कोठीतल्या खोक्यांना तिनं हात लावला नव्हता, कारण घरात बसणाऱ्याला तीट कशाला? ती बाहेर पडणाऱ्याला! पहिल्या नमुन्याला तिनं एका अंगठ्याची लावली होती. तो नापास झाल्यावर तिची खात्रीच पटली, की दृष्ट लागली! म्हणून दुसऱ्याला तीन बोटांची. त्यालाही लागली म्हणून तिसऱ्याला अख्खा पंजा, चांगला दाबून! मी टपरीवर जितकी बढाई मारायचो तितकी दृष्ट वाढायची, जितकी दृष्ट वाढायची तितका सुरमा वाढायचा, आणि मी इकडे डिंकाच्या नावानं बोंबलत बसलो होतो.

“पण लपवून कशाला, अम्ती? विचारायचं तरी!”

“तुला विचारू? तू बोट वर केलं असतंस! आणि मोठ्या माणसाला उघड लावली तर लोक हसतात. लपवूनच लावायची.”

मी चिडलो होतो, हे कबूल. गाडी यायला तासाभराचा अवकाश होता. मी म्हणालो, “बरं, झालं ते झालं. बाकीची खोकी साफ आहेत, दुसरा नमुना मी भरतो. तीट नको, काही नको. कायदा म्हणजे कायदा.”

त्यावर अम्ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती पायरीवर खाली बसली. डबी मुठीत घट्ट धरलेली.

“या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मी लावली,” ती म्हणाली. “लग्न होऊन गेलेल्या पोरींना लावली. लष्करात गेलेल्यांना लावली. सगळे परत आले. एकालाच नाही लावली.”

कुणाला, ते मला विचारावं लागलं नाही.

“बागेवरून भांडण झालं होतं. पाण्याच्या पाळीवरून. एवढंसं. सालेम दारात पिशवी घेऊन उभा होता. ‘मबरूका, बाहेर ये,’ म्हणत होता. मी चुलीपाशी बसले होते. अंगठा सुरम्यात बुडवून तयार होता, तिजानी. पण म्हटलं, आणखी एकदा हाक मारू दे, मग उठते. त्यानं मारली नाही.” तिनं अंगठ्याकडे पाहिलं. “आता त्याचं नाव त्याच समुद्रावरून त्याच गावाला जातंय, आणि तू म्हणतोस, तसंच जाऊ दे?”

झुहेर हिरवे ओठ मिटून जमिनीकडे बघत होता. हाज अम्मारनी डोळे पुसले. मला अम्तीला काहीतरी सांगायचं होतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? दहा लाखांत शंभर! आयुष्यात पहिल्यांदा मला त्या आकड्याची लाज वाटली. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि तिचा काळा हात हातात घेतला.

आणि तिथं बसल्या बसल्या मला वर्गातला शेवटचा तास आठवला! जेवणानंतरचा. अर्धा वर्ग पेंगत होता, मीही पेंगत होतो. पण मास्तर जे बोलले ते कानात कुठंतरी पडून राहिलं होतं. मी उठलो. बोट आपोआप वर गेलं.

“मादाम! कायद्यानं वेष्टनात काय काय मोडतं?”

“खोका, पिशवी, बाटली, दोरी...”

“आणि गाडीवरचा कंटेनर?”

मादाम इब्तिहाल यांच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. “नाही. रस्ता, रेल्वे, जहाज, विमान, यांचे कंटेनर वेष्टन धरत नाहीत.”

“म्हणजे त्याच्या दारावर...”

“बाहेरून,” त्या घाईनं म्हणाल्या. “मालाला कुठंही लागता कामा नये. आणि मी काही पाहिलेलं नाही.”

अम्तीनं मान वर केली. “गाडीला चालेल?”

“चालेल, अम्ती!”

“कितीही?”

मी मादामकडे पाहिलं. मादाम खजुराची झाडं मोजत होत्या.

गाडी आली. नवा नमुना मी भरला, अम्तीला साबणानं हात धुवायला लावून रचण्यापुरतं बोलावलं, कारण माझे घोस वेडेवाकडे बसत होते. यंत्रानं साफ म्हटलं, मादामनी सही केली. खोकी चढवायला झुहेर लागला, जलीला लागली, आणि कुणी न बोलावता हाज अम्मारही लागले. “सालेमबरोबर मी पाटावर पोहायला शिकलो,” ते एवढंच म्हणाले. टोपल्या भिंतीशी तशाच पडून राहिल्या.

दार बंद होऊन कडी बसल्यावर अम्ती डबी घेऊन पुढे झाली. ड्रायव्हर ओरडला, “अहो आजी! रंग नवा आहे!”

“तुझी आई तुला लावत नव्हती का?”

ड्रायव्हर घुटमळला. “लावायची.”

“मग गप उभा राहा.”

तिनं डबी पार रिकामी केली. दाराच्या पत्र्यावर आपला अख्खा पंजा उठवला, त्याखाली अंगठ्यानं एक ठसा वेगळा. ओठ हलत होते. मला फक्त नाव ऐकू आलं. गाडी निघाली तशी जलीलानं तिच्या मागे तांब्याभर पाणी ओतलं, आणि आम्ही ती वळणाआड जाईपर्यंत उभे राहिलो.

मादामनी अम्तीला पुन्हा हात धुवायला लावले आणि पोराबाळांच्या डोळ्यांत तो सुरमा घालायचा नाही, असं कबूल करून घेतलं. ऑलिव्हच्या बिया जाळून काजळ धरा म्हणाल्या, त्यात शिसं नसतं. “चुलीची काजळी?” अम्ती फणकारली. “दृष्ट हसेल!” पण रिकामी डबी तिनं त्यांच्या हवाली केली.

सगळं आटोपलं. मी मेजापाशी उभा राहून चहा घेत होतो. प्रकरण शेवटी कुणाच्या विद्येनं सुटलं, हे झुहेरला समजावून सांगत होतो. मादाम यंत्र पिशवीत ठेवता ठेवता थांबल्या.

“सी तिजानी, एक शंका राहिली. पहिला खोका मी मेजावर तपासला तेव्हा यंत्राचा आकडा जरा हलला होता. पायरीवर नेला तर साफ. त्या मेजावर तेव्हा काय होतं?”

“काही नाही. माझी टोपी.”

त्यांनी टोपी उचलली, उलटी केली आणि यंत्र टेकवलं. पुढचं सांगायला नको.

अस्तराच्या आत काळे ठसे होते. एकावर एक, थरावर थर. वर्गाला गेलो त्या दिवसाचा, लग्नांचा, टपरीचा, राजधानीच्या प्रत्येक खेपेचा. मी जगाला शिशाची मर्यादा शिकवत फिरत होतो, आणि माझ्या डोक्यावर बॅटरीएवढं शिसं होतं!

“अम्ती!”

“तुला तर जास्तच लागते रे,” अम्ती म्हणाली. “किती बोलतोस!”

“पण मादाम,” जलीलानं फार गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “टोपी वेष्टनात मोडते का?”

मादामच्या आधी झुहेरनंच हिरवं तोंड उघडलं. “ज्याच्या आत काही माल असतो ते वेष्टन. हीच व्याख्या शिकवली ना तुम्हाला, सी तिजानी? मग ही सुटली!”

सगळ्यांत जास्त अम्ती हसली. इतकी की तिला हाज अम्मारनी धरून बसवलं.

खोकी मार्सेयला पोहोचली. दुकानदारानं फोटो पाठवला. फळीवर ओळीनं वडिलांचं नाव मांडलेलं. अम्तीनं तो फोटो उशीखाली ठेवलाय. अस्तर फाडून टाक, असं मादाम बजावून गेल्या होत्या, आणि जलीलानं ते फाडलंही. पण अम्तीच्या काजळाचा नवा ठसा दुसऱ्याच दिवशी तिथं उमटला, तो मी राहू दिलाय. टपरीवर कुणी विचारलं तर कायदा मी अजूनही सांगतो. फक्त सुरुवात करण्याआधी टोपी काढून आत एकदा बघून घेतो.